निजसुऱ्यांचा शिरीष

सई, हे पत्र जरा नीट बसून वाच बघू. अर्धं लक्ष त्या फोनमध्ये ठेवून वाचू नकोस. गेल्या रविवारी आलीस, बूटही न काढता दारातच उभी राहिलीस, स्कूटरची किल्ली दाराशेजारच्या टेबलावरच्या लाकडी वाडग्यात टाकलीस. मी चहाचं आधण ठेवतेय तोवर "आजी, पळते गं, कॉल आहे" म्हणून किल्ली उचलून पसार! जाता जाता विचारलंस, "वाडगा भारी आहे, कुठून घेतलास?" आणि उत्तर ऐकायला थांबली नाहीस. ही कुठली रीत, बाई? विचारायचं असेल तर माणसानं दोन घटका टेकावं. आता उत्तर लांबलंय, ते तुझ्याच कर्मानं. बस स्वस्थ.

तो वाडगा विकत घेतलेला नाही. तो निजसुऱ्यांनी कातला.

तू त्यांना पाहिलेलं नाहीस. कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या मागच्या अंगाला, जिथे आता तुम्ही लोक गाड्या लावता ना, तिथे पत्र्याची एक शेड होती. त्या शेडमध्ये आमचं कातकाम मंडळ भरायचं. लाकडाचा ठोकळा लेथवर चढवायचा, तो गरगर फिरायला लागला की त्याला पटाशी लावून गोल आकार काढायचा, याला कातकाम म्हणतात. आम्ही लाटणी कातायचो, ताकाच्या रव्या, भोवरे, झाकणाच्या डब्या. थंडीत बालवाडीच्या मुलांसाठी खुळखुळे. दर रविवारी सकाळी. मंडळ म्हणजे निजसुरे, दातांचे डॉक्टर ओगले, मी, आणि येऊन-जाऊन असणारे दोघे-तिघे. अध्यक्ष वगैरे कुणी नव्हतं. निजसुरे म्हणायचे, "अध्यक्ष नेमला की भाषण होतं. भाषण झालं की पटाशीची धार जाते."

ते कारखान्यात टर्नर होते. जन्मभर लोखंड कातलं. मग सगळीकडे नवे वारे सुटले, परदेशी माल आला, कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रं आली आणि त्यांच्या ओळीतल्या सगळ्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "इच्छा त्यांची, निवृत्ती माझी," असं ते सांगायचे. यापलीकडे त्या विषयावर त्यांच्या तोंडून मी अक्षर ऐकलं नाही. निघताना त्यांनी कारखान्याच्या भंगारात चाललेला लाकडाचा जुना लेथ मागून आणला. बायको आधीच गेलेली, मुलगी नाशिकला दिलेली. घरात लेथ मावेना म्हणून सोसायटीकडे शेड मागितली.

अंगानं उंच, वाळलेले. अंगात कायम तो कारखान्यातला निळा शर्ट, पण बाह्या कोपरापासून कात्रीनं उडवलेल्या. लोंबती बाही लेथमध्ये अडकली की हात गेला. कानात कापसाचे बोळे. नवं लाकूड आलं की आधी पाणी लावून वास घ्यायचे, डोळे मिटून, देवाचं तीर्थ घ्यावं तसे. मग डोळे उघडून एकच शब्द. "आंबा." "बाभूळ." कधी कधी "कटकट." म्हणजे आत खिळा आहे.

मी तिथे गेले ती भांडायला. तेव्हा निजसुरे एकटेच रोज दुपारी लेथ चालवायचे, माझी झोप मोडत होती. ते म्हणाले, "पाच मिनिटं उभ्या राहा आणि मग ओरडा." उभी राहिले. लाकडाच्या ओबडधोबड तुकड्यातून फिती उडत होत्या, ओल्या, लांबच लांब, आणि आतून काहीतरी गोल निघत होतं. ओरडायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले तर मला दारातच अडवलं.

"वहिनी, शिकायचं असेल तर ते काढून ठेवा."

"काय?"

"मंगळसूत्र. बांगड्यासुद्धा. आणि साडी नको, पदर ओढला जातो."

"अहो, नवरा जिवंत आहे माझा!"

"म्हणूनच सांगतोय. त्याची बायको पण जिवंत राहू दे."

दाराशी एक खिळा होता. त्यावर डॉक्टरांची सोन्याची साखळी, निजसुऱ्यांचं जानवं आणि माझं मंगळसूत्र, सगळी एकत्र लोंबायची. आमच्या ह्यांना सांगितलं तर पेपर खाली न घेता म्हणाले, "निजसुऱ्याच्या शेडमध्ये मंगळसूत्र काढून ठेवते, हे वाक्य सोसायटीत बोलू नकोस म्हणजे झालं."

सुरुवातीला निजसुऱ्यांचंही लाकडाशी जमत नव्हतं बरं का. खिशात मायक्रोमीटर घेऊन यायचे, केसाची जाडी मोजतात तो. पहिल्या पावसाळ्यात आम्ही झाकणाच्या डब्या केल्या. झाकणं अशी बसली की काढताना फट्कन आवाज व्हायचा. निजसुरे खूश. उन्हाळा आला आणि एकेक डबी आवळून बसली. डॉक्टरांनी तर आपली डबी दात उपटायच्या पकडीनं उघडायचा प्रयत्न केला, आत त्यांच्या सौभाग्यवतींच्या कुड्या होत्या. निजसुऱ्यांनी डबी मोजली. एका बाजूनं एक माप, आडव्या बाजूनं दुसरं. गोल कातलेलं लाकूड सुकताना लांबट झालं होतं. दोन दिवस ते एकेक डबी मोजत बसले. मग मायक्रोमीटर फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकला आणि म्हणाले, "लाकूड मेल्यावरही हलतं, डॉक्टर. लोखंड असला विश्वासघात करत नाही."

लाकूड आम्ही विकत आणत नव्हतो. गरजच नव्हती. त्या काळात पुण्यात झाडं पडतच होती. रस्ते रुंद होत होते, पूल उठत होते, हिंजवडीकडे कंपन्यांच्या बसगाड्या धावायला लागल्या होत्या आणि त्यांच्या वाटेत जे जे उभं होतं त्याच्या बुंध्यावर रंगानं आकडा पडत होता. तोडलेली झाडं वाहून नेणारा एक ट्रकवाला निजसुऱ्यांच्या ओळखीचा झाला. तो ओंडके शेडपाशी टाकायचा. निजसुरे त्याला चहा द्यायचे आणि एकच विचारायचे, "कुठल्या दारातलं?"

कारण मंडळाचा नियमच होता तसा. पहिला वाडगा झाडाच्या दाराला. ज्या घरापुढं झाड उभं होतं, त्या घरी त्याच झाडाच्या लाकडाचा पहिला वाडगा नेऊन द्यायचा. याची सुरुवात एका कडुनिंबापासून झाली. स्वारगेटच्या बाजूच्या एका घरासमोरचा निंब पडला तेव्हा तिथल्या म्हाताऱ्या बाई दोन्ही हात कमरेवर ठेवून करवतीकडे बघत उभ्या होत्या, हे निजसुऱ्यांनी पाहिलं होतं. वाडगा नेऊन दिला तर बाईंनी तो नाकाशी धरला आणि तशाच उभ्या राहिल्या. आम्ही निघालो तरी तशाच. परतताना निजसुरे म्हणाले, "आता दर वेळी द्यावा लागेल."

पुढे मी त्यांच्याबरोबर जायची. बाईमाणूस सोबत असलं की लोक दार तरी उघडतात. सगळीकडे निंबासारखं झालं नाही. एका नव्या इमारतीत चकचकीत जोडपं होतं, दोघंही संगणकवाले. मुलीनं वाडगा उलटासुलटा करून विचारलं, "अंकल, मायक्रोवेव्हमध्ये चालेल का हा?" निजसुरे म्हणाले, "झाड कधी आत बसलं नव्हतं, त्यामुळे सांगता येत नाही." खाली आल्यावर मी हसत होते. ते नव्हते हसत. मी त्यांना हसताना कधी पाहिलंच नव्हतं तोवर.

आता पुढचं जरा नीट वाच.

त्या वर्षी रस्ते खणायचा नुसता सुळसुळाट झाला होता. कुठल्या कुठल्या कंपन्यांच्या केबल टाकायच्या होत्या आणि प्रत्येकीचा चर वेगळा. एक बुजवला की शेजारी दुसरा. निजसुरे थोडे दिवस मुलीकडे नाशिकला गेले होते. परत आले तर शेडपाशी शिरिषाचे मोठाले ओंडके पडलेले. काळ्या गाभ्याचं, देखणं लाकूड. ट्रकवाला भेटला तेव्हा त्यांनी नेहमीचं विचारलं, कुठल्या दारातलं? त्यानं नदीकडच्या गल्लीतलं एक घर सांगितलं. झालं. वाडगा कातला, तेल लावलं आणि आम्ही दोघं तो घेऊन निघालो.

बैठं घर, भाड्याची खोली. दार उघडंच होतं. आत तिशीची एक बाई भिंतीला टेकून बसलेली आणि तिच्या डोक्यावर एका तरुण माणसाचा फोटो, ताज्या हाराचा. मी लगेच ओळखलं. पण निजसुऱ्यांची सवय अशी की ते दोन वाक्यं बोलायचे ती वाडग्याकडे बघत. वर बघायचेच नाहीत. मी त्यांची बाही ओढायला हात पुढे केला, तर त्यांच्या शर्टाला बाही होती कुठे!

"तुमच्या दारातलं झाड गेलं," ते म्हणाले. "त्यातला हा पहिला वाडगा तुमचा. त्यानं तुम्हाला जे दिलं, त्याची आठवण म्हणून."

आतल्या बाजूनं एक माणूस धावत आला. तो तिचा दीर. यवतमाळकडची माणसं ती. "काय देल्लं हो त्या झाडानं आमाले? आँ? माह्या भावाले खाल्लं त्यानं! अन् ह्या बाईनं मांगून आवाज देल्ला म्हून!"

तुकड्या-तुकड्यांनी कळलं ते असं. तिचं नाव वंदना. नवरा कारखान्यात कामाला. त्या दिवशी दुसऱ्या पाळीला निघाला, डबा विसरला. ही दारातून ओरडली, "अहो, डबा!" तो स्कूटर वळवून माघारी आला, डबा घेतला, फाटकाबाहेर पडला आणि वारा नाही की पाऊस नाही, भर दुपारी ते झाड त्याच्यावर आडवं झालं. पंचनाम्यात 'झाड नैसर्गिकरीत्या पडले' असं आलं. आणि सासरच्यांनी ठरवलं की हिनं निघालेल्या माणसाला मागून हाक मारली, म्हणून हे घडलं. दिवस झाल्यावर हिच्या लहान मुलीला गावी घेऊन गेले. पांढऱ्या पायाच्या बाईजवळ लेकरू ठेवायचं नाही म्हणे.

आणि ती? ती तेच मानत होती. दीर ओरडत होता तेव्हा तिनं एकदाही मान वर केली नाही. फक्त उठून निजसुऱ्यांच्या हातातून वाडगा घेतला आणि विचारलं, "बाकीचं कुठं हाये जी?"

वाटेत निजसुरे एका दुकानाच्या पायरीवर बसले. म्हणाले, "कुठलं दार ते विचारलं. कसं पडलं ते कधी विचारलंच नाही."

पुढच्या रविवारी वंदना शेडच्या दारात उभी. हातात वाडगा. आत येऊन तिनं तो लेथशेजारी ठेवला आणि ओंडक्यांकडे बोट केलं. "येचा भुसा करा जी. सगळ्याचा. ह्या वाडग्याचा बी."

डॉक्टर ओगले समजुतीनं म्हणाले, "अहो बाई, त्यापेक्षा जाळून टाकू ना आपण."

"त्याईले जाळलंच की जी," ती म्हणाली. "मले घाटावर नेलं नाई. बायामाणसायले नेत नाई म्हणे. डबा घेऊन गेले अन् मंग फोटोच झाले. मधलं मी काईच नाई पायलं. हे तरी संपताना पाहू द्या."

निजसुऱ्यांनी वाडगा उचलला आणि सवयीनं, अगदी सवयीनं म्हणाले, "तिथे उभ्या राहा. बांगड्या काढून..." आणि थांबले. तिचे हात आधीच उघडे होते. सई, माणसाचा चेहरा असा पडलेला मी त्यानंतर पाहिला नाही.

त्यांनी वाडगा लेथवर चढवला. आपणच घडवलेली कड पहिल्यांदा उडवली, मग पोट, मग बूड. शेवटी सुपारीएवढं उरलं, ते पटाशीच्या टोकाशी भुगा होऊन गेलं. वंदना स्टुलावर बसून बघत होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. झाल्यावर "येते जी" म्हणाली आणि गेली.

आणि मग दर रविवारी तेच. ओंडका कापायचा, चढवायचा आणि काहीही न करता संपवायचा. तुला कळतंय का हे किती अवघड असतं? जन्मभर ज्या हाताला कुठे थांबायचं ते शिकवलं, त्याला थांबू द्यायचं नाही. फिरता फिरता लाकडात मधूनच इतका सुरेख आकार यायचा की माझा जीव हळहळायचा. निजसुरे त्याच्यातून पटाशी तशीच आरपार नेत.

शिरिषाचा भुसा वाईट. नाक चुरचुरतं, घसा धरतो. येऊन-जाऊन असणारे आधी गळले. निजसुऱ्यांना खोकला लागला, नाकाला फडकं बांधूनही हटेना. डॉक्टरांनी एक दिवस बाजूला घेऊन झापलं.

"निजसुरे, हा आजार आहे. तिचाही आणि तुमचाही. बंद करा."

"तुम्ही दात अर्धा उपटून पेशंटला घरी पाठवता का, डॉक्टर?"

"छातीचा फोटो काढलाय का?"

"माझा फोटो चांगला येत नाही."

डॉक्टर त्यानंतर आले नाहीत. नाशिकहून मुलीचे फोन माझ्याकडे यायचे, "काकू, बाबांना सांगा ना." मी सांगायची. ते म्हणायचे, "इतकी वर्षं लोखंड खाल्लं, हे तर पालेभाजी." आणि खोकत राहायचे. मग शेडमध्ये आम्ही तिघंच उरलो. वंदना हळूहळू दोन शब्द बोलायला लागली. एकदा लेथचा पट्टा तुटला, निजसुरे तो शिवत बसले होते, तेव्हा म्हणाली, "पोरगी मले इसरली असंन आता." आणखी एकदा, कुणाला म्हणून नव्हे, लाकडालाच सांगितल्यासारखं, "मी नसती हाक मारली तं डब्याबिगर गेले असते. उपाशी राह्यले असते एक दिवस. तेवढंच."

ढिगाच्या तळाशी बुंध्याचा शेवटचा ओंडका होता, मुळं फुटतात तिथला. मातीनं माखलेला. माती-खडे असले की धार जाते, म्हणून चढवण्याआधी तारेच्या ब्रशनं घासायचा असतो. निजसुरे घासत होते. घासता घासता थांबले. पाणी ओतलं, पुन्हा घासलं. मग ओंडका फिरवून उजेडाकडे नेला.

"वंदनाबाई, इकडे या. हात द्या. हे कसं लागतंय?"

"खरखरीत. फाटल्यावाणी."

"आणि या अंगाला?"

"गुळगुळीत जी."

"झाड आपण होऊन पडलं तर मूळ गुळगुळीत तुटत नाही. हे कुणीतरी घाव घालून तोडलंय. कड बघा, काळी पडलीय. म्हणजे पडण्याच्या पुष्कळ आधी तोडलंय. रस्त्याच्या बाजूची सगळी मुळं अशी आहेत. चर खणताना आड आली, तोडली, वर माती लोटली आणि पुढे गेले. त्या बाजूनं त्याला पाय राहिलेच नव्हते. ते पडणारच होतं, तुम्ही हाक मारा नाहीतर मारू नका."

वंदना त्या कापलेल्या जागेवरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "पण त्याच वक्ताले पडलं ना जी."

मी निजसुऱ्यांकडे बघितलं. ते नेहमी तोंडावर उत्तर मारणारे. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"वेळेचं मला कळत नाही," ते म्हणाले. "घावाचं कळतं."

तो ओंडका त्यांनी कातला नाही. घावांचा भाग करवतीनं वेगळा काढला, मांडीवर मावेल एवढा. तिच्या दिराला बोलावून दाखवला. तो म्हणाला, "असं कागदावर लिहून आणा साहेबाच्या सहीनं, मंग आमच्या मायले दाखवू." तेव्हापासून निजसुऱ्यांनी एकच ध्यास घेतला. झाड तोडलेल्या मुळांमुळे पडलं, एवढं कुणीतरी लिहून द्यावं. जुन्या साडीत तो तुकडा बांधून रिक्षानं वॉर्ड ऑफिसला जायचे. या खिडकीवरून त्या खिडकीवर. हे आमच्याकडे नाही, ते त्यांच्याकडे. साहेब फिरतीवर. साहेब मीटिंगमध्ये. जिना चढताना दर तीन पायऱ्यांना थांबावं लागायचं त्यांना.

कागद मिळाला नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तू उगीच आशा लावून वाचायची नाहीस. पुढच्या थंडीत निजसुरे गेले. छातीनं गेले. डॉक्टर ओगले स्मशानातून परस्पर शेडमध्ये आले, झाडू घेतला आणि एकटेच तो सगळा भुसा लोटत राहिले. मुलगी नाशिकहून आली, लेथ कुणाला तरी देऊन टाकला. मंडळ तिथेच मोडलं. टेबलावरचा वाडगा तेवढा त्यांनी मला आधीच कधीतरी दिलेला, आंब्याचा आहे तो.

वंदनानं कागदाची वाट पाहिली नाही. ते गेल्यावर तिनं तो तुकडा घेतला, बसमध्ये मांडीवर ठेवला आणि एकटी गावी गेली. हे मला नंतर कळलं, ती मुलीला घेऊन भेटायला आली तेव्हा. हो, मुलीला घेऊन. सासूपुढे तुकडा ठेवला आणि सासूचा हात धरून त्या घावांवरून फिरवला म्हणे, निजसुऱ्यांनी तिचा फिरवला होता तसा. म्हातारी दिवसभर तो तुकडा घेऊन बसली. संध्याकाळी उठून नातीचे कपडे पिशवीत भरले. वंदनाला ते निजसुऱ्यांना सांगायचं होतं. ते नाहीत हे तिला ठाऊकच होतं, तरी शेडच्या दारापर्यंत गेली आणि मुलीला आत काय काय होतं ते दाखवत राहिली. आत काहीच नव्हतं.

पण मला निजसुरे आठवतात ते वॉर्ड ऑफिसच्या बाकावर. ते शेवटचंच जाणं त्यांचं. त्यांना एकट्याला सोडवेना म्हणून मी आणि वंदना बरोबर गेलो होतो. साडीत बांधलेला तुकडा मध्ये, एका बाजूला ते, एका बाजूला ती. दुपार कलल्यावर साहेब सापडले. उभ्या उभ्या म्हणाले, "झाड नैसर्गिकरीत्या पडलेलं आहे. तसा पंचनामा आहे. आणि हे लाकूड आत आणायला परवानगी कुणी दिली?"

मी वाट बघत होते, आता निजसुरे काहीतरी असं बोलतील की साहेबाला रात्री झोप येणार नाही. पण त्यांना दम पुरत नव्हता. तोंड उघडलं, शिट्टीसारखा नुसता श्वास आला. त्यांनी हातानं तो तुकडा थोडासा वंदनाकडे सरकवला.

वंदना उठली. साडीची गाठ सोडली. त्या बाईचा आवाज मी तोवर कुजबुजीपलीकडे ऐकला नव्हता.

"नाई जी, साहेब. मुळं तोडली होती. हे पाहा, इथं हात लावून पाहा. मी हाक मारली म्हून नाई मेले थे."

साहेबांनी हात लावला नाही. "पुढच्या आठवड्यात या," म्हणाले आणि आत गेले. शिपाई तेवढा चहाचे कप गोळा करता करता वाकला, घावावरून अंगठा फिरवला, "कापलंय की हे," म्हणाला आणि निघून गेला.

वंदना खाली वाकून साडीची गाठ पुन्हा बांधत होती. आणि मी निजसुऱ्यांकडे बघितलं. भिंतीला डोकं टेकलेलं, ओठ निळसर, छाती वरखाली होतेय आणि सई, ते हसत होते. आवाज नाही काही नाही. भुवया अशा वर, खांदे असे, आणि तोंड... नाही, ते लिहून नाही सांगता येत मला, मघापासून दोनदा खोडलं. ते करूनच दाखवावं लागतं. डॉक्टर ओगल्यांनीही ते कधी पाहिलं नाही, तेव्हा ते हसू पाहिलेलं माणूस या सोसायटीत मी एकटीच आहे आणि माझे गुडघे तू बघतेसच. तेव्हा सणाची वाट बघू नकोस. या शनिवारी ये, बूट काढून ये, आणि जेवायलाच थांब.